कोपरा कापलेली कार्डं

विश्वासरावांच्या त्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलं नाही, ते काही आळसापोटी नव्हे. लाज! निव्वळ लाज!

पत्र आलं छप्पन साली, कलकत्त्याहून. अण्णा तेव्हा देवासच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. 'इथे गणकयंत्र आलंय,' बालमित्रानं लिहिलं होतं. 'खोलीएवढं! कोणता शब्द किती वेळा येतो, चुटकीसरशी मोजतं. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या पाठव, म्हाताऱ्या बायकांबरोबर त्या जायच्या आधी. एका कार्डावर एक ओवी. प्रत्येक कार्डाचा कोपरा काप, म्हणजे गठ्ठ्यात उलटं पडलेलं लगेच कळतं. यंत्राला वाचता यावं म्हणून भोकं आम्ही पाडू. हे काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.'

शेवटचं वाक्य अण्णांनी पुन्हा पुन्हा वाचलं. जन्मात त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं!

"करणार! आणि चोख करणार!" ते बायकोला, कुसुमावतीबाईंना म्हणाले.

ओव्यांची खाण म्हणजे धार, कुसुमावतीबाईंचं माहेर. तिथल्या आत्या, माम्या, काकू, सगळ्यांना जवाबी कार्डं गेली. एका पानावर विनंती, दुसरं ओवीसाठी कोरं. आणि नंतर विसरायला नको म्हणून अण्णांनी आधीच सगळ्यांचे कोपरे कापले. पट्टी लावून! नमुन्याचं एक देवळीत ठेवलं.

कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं, हे शेंबडं पोरही जाणतं. अण्णाही जाणत होते. पण त्या आठवड्यात डोक्यात यंत्र भरलेलं!

असलं कार्ड वाचायचं नसतं. फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. धारला तेच झालं. अक्षर अण्णांचं, मग गेली कोण? कुसुम!

सगळ्या जणी मोटारीनं येऊन दारात थडकल्या. रडण्याचा असा गलका, की शेजारचे दत्ताजी परस्पर तिरडीचे बांबू सांगायला धावले! दार कुसुमावतीबाईंनीच उघडलं, हाताला कणीक.

"अगं बाई, आत्या! कोण गेलं गं?"

"तू!" म्हणत प्रमोदिनीआत्या मटकन बसल्या.

"मी? मी पोळ्या करतेय!"

"अहो अण्णाभिया," दत्ताजी धापा टाकत परतले, "मी तर बांबू बोलून आलो!"

अण्णा कपाटाआड गेले होते.

"जावईबापू, बाहेर या! कोपरे कशाला छाटलेत?"

"यंत्रासाठी..."

"चुलीत घाला ते यंत्र!"

मग हसू फुटलं ते आवरेना. एवढ्या माणसांना कणीक पुरणार कुठून? माळ्यावरचं जातं खाली आलं, आणि आत्यांनी खुंटा धरला.

"कोपरा कापून गं, धाडलं जावयानं,
जिवंत भाची माझी, दाविली देवानं!"

एकीमागून एक ओव्या निघाल्या. अण्णा उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले. हातात लेखणी होती, पण एक अक्षर उतरलं नाही. विश्वासरावांना काय कळवणार, कपाळ?

अशी वर्षं लोटली. गेल्या महिन्यात प्रमोदिनीआत्या गेल्या. कार्ड आलं, या वेळी खरोखरीचं. काल दुपारी अण्णांनी हाताशी आलं ते कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'मित्रा, माझ्याच्यानं झालं नाही. पण कुसुमला अजून पुष्कळ येतात. तूच ये.' पुन्हा मन कच खाईल म्हणून लगबगीनं पेटीत टाकलं.

घरी येऊन हलक्या मनानं सांगितलं, तर कुसुमावतीबाई रिकाम्या देवळीकडे बघत होत्या.

"कार्ड इथलं घेतलंत?"

अण्णा पुन्हा कपाटाकडे सरकले.

"म्हणजे येणारच म्हणायचे भावजी," बाई पदर खोचत म्हणाल्या. "उतरवा ते जातं!"