चमचाभर उष्टी हळद

रघुवीरराव वकिली करत भोरच्या कोर्टात, पण त्यांचा जीव अडकलेला असे बाहेर चिंचेखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीत. गाडी जुनी. इतकी जुनी, की तिचे सुटे भाग मिळत नसत, आणि मिळालेच तर दुसऱ्या कुठल्या तरी मेलेल्या गाडीच्या अंगावरून उतरवलेले असत. तरी समोर पक्षकार असो की न्हावी, विषय निघाला की रघुवीरराव म्हणत, "हीटर असलेली तालुक्यातली पहिली गाडी आपली. आणि आजवर एकदाही लावलेला नाही." हे ते अशा थाटात सांगत, की हीटर न लावण्यासाठीच घ्यायचा असतो असं ऐकणाऱ्याला वाटावं.

गाडी विकत मागायला माणसं येत. रघुवीरराव त्यांना चहा पाजत आणि एकेकाला नाकारत. एकाचे हात तेलकट होते, दुसरा गाडीतून कोंबड्या नेणार होता. "लेक आहे ती माझी. कुणाच्याही गळ्यात बांधू?"

"लेकीचं वय उलटून चाललंय," त्यांची बायको सौदामिनी म्हणे.

तर या लेकीचं पाणी दिवाळीपासून कमी होऊ लागलं. रेडिएटर रात्री काठोकाठ भरावा, आणि दोनदा बाजारात जाऊन आलं की पातळी खाली. रघुवीररावांनी तपास हाती घेतला. गाडीखाली पुठ्ठे अंथरले. पुठ्ठे कोरडे. इंजिनाच्या नळ्यांवर पावडर मारली, म्हणजे ओघळ उमटेल. ओघळ उमटला नाही, मात्र आठवडाभर गाडीला तान्ह्या बाळाचा वास येत राहिला. कुमार मेस्त्रीने झाकण बदललं, नळ्या बदलल्या, पट्ट्या आवळल्या आणि शेवटी हात जोडले. "वकीलसाहेब, बाहेर कुठंच गळत न्हाई. पानी जातंय कुठं ते देवालाच ठाव."

या सगळ्या काळात सौदामिनी शेजारच्या सीटवर बसून एकच गोष्ट सांगत होती. "अहो, माझ्या पायाशी ओलं आहे."

"तुझी बाटली गळत असेल."

रघुवीररावांनी तिची निळी बाटली फेकून नवी आणली. तरी ओलं. तीही फेकली आणि आणखी एक आणली. मग गाडीत पाणी न्यायचीच बंदी केली.

"आणि गोडसर वास येतो, तो?"

"तुझ्या करंज्यांचा डबा सांडला होता ना मागे?"

"समोरची काच आतून धुरकट होते, ती?"

"तू बोलतेस किती! वाफ धरते."

घरातल्या माणसाची साक्ष वकील लोक सहसा मानत नाहीत, हे सौदामिनीला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

अशात पुतण्या सौमित्रचं लग्न ठरलं. तो आणि धनश्री भोरच्या कॉलेजात एकत्र शिकवत. तिचं माहेर वेल्ह्याच्या वर डोंगरात, शेरडं-मेंढरं राखणारं घर. दोन घरांच्या रीती वेगळ्या, म्हणून सगळेच जपून बोलत होते. मानपान, जेवण, कशावरच वाद झाला नाही. धनश्रीच्या आजीने, सोजराबाईंनी, एवढीच अट घातली. "नवऱ्याची उष्टी हळद दिस डोईवर यायच्या आत आमच्या दारात पायजे. त्येच्याबिगर पोरीला हळद लागायची न्हाई. घरातली लावून भागवायचं, ह्ये आमच्यात चालत न्हाई. पोरगी पाटावर बसून ऱ्हाईल."

हळद पोचवायला भावाने भाड्याची जीप ठरवली होती. रघुवीररावांनी ती परस्पर रद्द केली.

"घरची गाडी दारात असताना हळद भाड्याच्या जीपमधून? लोक काय म्हणतील?"

"वेळेवर पोचली म्हणतील," सौदामिनी म्हणाली. पण तोवर जीपवाला दुसरं भाडं घेऊन गेलाही होता.

हळदीच्या दिवशी सकाळी सौमित्रच्या अंगाला लावून उरलेली हळद स्टीलच्या डब्यात भरली. डबा घेऊन मागच्या सीटवर करवली बसली, सौमित्रची बहीण भार्गवी. पुढे सौदामिनी, मोतिया रंगाची नवी साडी नेसून. नसरापूरपर्यंत गाडी अशी पळाली, की रघुवीररावांनी दोनदा मागे वळून "बघ" म्हटलं. मार्गासनी मागे पडलं आणि तापमानाचा काटा चढायला लागला. विंझरला पोचेपर्यंत तो टोकाला टेकला आणि बॉनेटमधून वाफ आली.

गाडी एका किराणा दुकानापाशी थांबली. दुकानदार गेनबा म्हातारा. त्याने खुर्ची दिली, पाण्याची बादली दिली, आणि कुणी मागितला नसताना सल्लाही दिला.

"हळद टाका की रेडेटरात. बारीक गळती आसंल तर हळद जाऊन बसती. आमी जीपला हळदच घालायचो."

कुमार मेस्त्रीच्या तोंडून हा उपाय रघुवीररावांनी ऐकला होता. त्यांचे डोळे चमकले. "द्या पाव किलो."

"सपली. लगीनसराई हाय न्हवं. धन्याची पूड हाय, देऊ?"

रघुवीररावांनी धन्याच्या पुडीचा क्षणभर विचारही केला. मग त्यांची नजर हळूहळू मागच्या सीटकडे वळली. भार्गवीने डबा छातीशी धरला.

"काका, नाही हं. ही दादाच्या अंगाची आहे."

"अगं, चमचाभर. गाडी इथेच बसली तर हळद पोचणार कशी? हळद पोचावी म्हणूनच हळद मागतोय ना?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच तो ऐकून भार्गवीला रडू आलं. सौदामिनीने नवऱ्याकडे पाहिलं, वर चढत चाललेल्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दे एक चमचा. एकच."

इंजिन निवल्यावर एक चमचा घातला. मग हात आखडता कशाला म्हणून दुसरा. वर बादलीभर पाणी. गाडी सुरू झाली, काटा खाली आला आणि रघुवीरराव शीळ घालू लागले. गाडीत पिठलं रटरटल्यासारखा वास सुटला.

पुढच्या चढाला काटा पुन्हा वर. पुन्हा थांबा, पुन्हा डबा. "मघाशी कमी पडली," रघुवीरराव म्हणाले. वेल्ह्याच्या अलीकडे आणखी एकदा. तिथे भार्गवीने डबा त्यांच्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"अहो," सौदामिनी म्हणाली, "पायाशी पुन्हा ओलं आहे. आणि आज गरम आहे."

"आज बाटलीच नाही गाडीत."

"तेच म्हणतेय मी."

"उन्हाने पायांना घाम येतो माणसाच्या. आता दोन मिनिटं मला रस्त्याकडे बघू दे!"

तिने वाकून पाहिलं. खाली ओटीचं सामान, नारळाची पिशवी आणि साडीचा घोळ. पाय दिसायला जागाच नव्हती.

वाडीत गाडी शिरली तेव्हा ऊन माथ्याच्या जवळ आलं होतं. मांडवात धनश्री पाटावर बसली होती, भोवती बाया, आणि सगळ्यांच्या माना रस्त्याकडे. रघुवीररावांनी ऐटीत हॉर्न वाजवला. पोचलो की नाही? गाडी पोचली की नाही?

दारात विहिणीचे पाय धुवायची त्या घरची रीत. सोजराबाई तांब्या घेऊन स्वतः पुढे आल्या. सौदामिनी उतरली, तिने साडी घोट्यापर्यंत उचलली, आणि सोजराबाईंचा तांब्या हवेतच राहिला.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत पिवळेधम्मक होते. मोतिया साडीचा काठही.

"आगं बया," सोजराबाई म्हणाल्या. "विहीणबाई, हळद नवरीला आणली का सोताच लावून आला?"

मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सौदामिनीने पायांकडे पाहिलं. वाकून बोट लावलं, नाकाशी नेलं. तोच गोडसर वास. तिने सावकाश मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

रघुवीरराव गाडीकडे धावले. तिच्या बाजूची चटई उचलली तर खाली आमटीसारखं पिवळं पाणी साचलेलं. डॅशबोर्डच्या पोटातून, हीटरच्या पेटीतून, एकेक थेंब निवांत ठिबकत होता. गोडसर वास होता तो त्या पाण्यातल्या कूलंटचा. इंजिनाचं पाणी हीटर लावा न लावा, त्याच्यातून फिरतच असतं, आणि तो हीटर जागच्या जागी सडला होता. चार महिने ज्या गळतीसाठी गाडीखाली पुठ्ठे अंथरले, ती बायकोच्या पायांवर गळत होती.

"सापडली," ते पुटपुटले. कुणी शाबासकी दिली नाही.

"गळतीचं ऱ्हाऊ द्या. नवऱ्याची हळद कुठं हाय?" सोजराबाईंनी विचारलं.

भार्गवीने डबा उघडला. आत तळाला आणि कडांना पुसट पिवळा थर. पाटावर बसलेल्या धनश्रीचा चेहरा उतरला आणि ते पाहून रघुवीररावांना पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. सोजराबाईंनी डबा हातात घेतला, उन्हाकडे धरला. मग करंगळीने कडा निपटून काढल्या. सुपारीएवढी हळद निघाली.

"उष्ट्याला चिमूट बी पुरती," त्या म्हणाल्या आणि ती हळद नातीच्या गालाला लावली. बायांनी गाणं धरलं. धनश्री हसली.

पण सोजराबाईंचं संपलं नव्हतं. "बाकीची हळद गेली कुठं?"

रघुवीररावांनी बचावाचं भाषण मनात जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. "गाडीत घातली," ते म्हणाले.

"गाडीत." सोजराबाईंनी गाडीकडे पाहिलं. "म्हंजे नवऱ्याच्या मागं हळद लागली ती तुमच्या गाडीला. मंग आमच्या पोरीला."

"तसं... हो."

"हळद लागलेली लेक कुनी घरात ठेवतं व्हय? उजवून टाका आता तिला."

सगळा मांडव हसला. हसला नाही तो एकटा रायबा, नवरीचा बाप. तो गाडीभोवती चक्कर मारून आला, मागचं दार उघडून आत डोकावला.

"मागलं शीट काडलं तर करडं बसतील. हीटर हाय म्हनं? थंडीत करडं लई दगावत्यात आमची."

"हीटर गळतोय," रघुवीरराव घाईने म्हणाले.

"त्ये करून घिऊ. गरम करतोय का?"

"एकदाही लावलेला नाही," रघुवीरराव म्हणाले. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खाली मान घालून म्हटलं. मग त्यांनी मान वर केली. "हे बघा रायबा, ही गाडी म्हणजे माझी..."

"दिली," सौदामिनी म्हणाली. ती ओट्यावर बसून पाय पुसत होती.

संध्याकाळी तिघं एसटीने परत निघाली. भार्गवीला पुढे जागा मिळाली, ही दोघं मागे. सौदामिनीने चपला काढून पाय पसरले. घासूनही पिवळे राहिले होते, पण कोरडे होते. म्हटलं नव्हतं का, असं काहीही ती बोलली नाही. विंझर गेलं, मार्गासनी गेलं, तरी नाही. रघुवीररावांना ते फार लागलं.

"ती निळी बाटली," शेवटी ते म्हणाले, "चांगली होती बहुतेक."

"सगळ्याच चांगल्या होत्या," सौदामिनी म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.