शेकोटी आणि होळी यांतील फरक

थंडी ही मुळात मनाची दुर्बलता आहे, याबद्दल ज्यांच्याजवळ लोकरीचा कोट आहे अशा सर्व मंडळींचे एकमत आहे. चौलच्या अंबाजीरावांजवळ असा कोट होता. (तो साहेबाचा. साहेब विलायतेला गेला, कोट राहिला.) मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर अंबाजीरावांना कोट होता पण काम नव्हते, आणि अशा अवस्थेत मनुष्य समाजाकडे वळतो.

समाजातही लहान मुले हाताशी सापडतात. अंबाजीरावांनी एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिले होते. त्यात चड्ड्या घातलेली गोरी मुले बर्फात तंबूपुढे रांगेने उभी राहून दात दाखवीत होती. (ती हसत होती की त्यांचे दात वाजत होते, हे चित्रावरून ठरवता येत नाही.) ते पाहून त्यांना आपल्या मुलांची कीव आली. आपली मुले घरात झोपतात, गोधडीत झोपतात, आणि काही तर खुशाल आईच्या कुशीत झोपतात. अशाने राष्ट्र कसे उभे राहणार? बसूनही राहणार नाही, आडवेच होणार. म्हणून 'काटक बालक मंडळ' स्थापन झाले, आणि अंबाजीराव त्याचे अध्यक्ष झाले. पहिले शिबिर फाल्गुनात, केवड्याच्या बनापलीकडे, समुद्राकाठच्या पुळणीवर भरावे असे ठरले.

फाल्गुन निवडण्यामागे विचार होता. पौषात खरी थंडी असते, पण तेव्हा अध्यक्षांचे गुडघे धरतात. चैत्रात थंडी नसते. फाल्गुनात दिवसा ऊन तापते आणि पहाटे डोंगराकडून मतलई वारा सुटला की दवाने भिजलेला तंबू मडक्यासारखा पाझरतो. अशी हवा विशेष थंड नसते, असे घरात झोपणारे सर्व जण सांगतात.

तंबू फुकट मिळाले. मागे साथीच्या वेळी लोकांना गावाबाहेर ठेवण्यासाठी सरकारने राहुट्या आणल्या होत्या, त्यांतल्या सहा उंदरांनी शिल्लक ठेवल्या होत्या.

नियम थोडे आणि स्पष्ट होते. गोधडी, घोंगडी, शाल, कानटोपी आणि तत्सम मोह घरी ठेवावेत. बालकागणिक एक चादर पुरे. शेकोटी करू नये. माता स्वयंपाकापुरत्या बरोबर याव्यात, परंतु सूर्यास्तानंतर त्यांनी बालकास मांडीवर, कुशीत अथवा पदराखाली घेऊ नये, कारण त्यामुळे ऊब उत्पन्न होते. जे बालक खोकेल ते नाजूक समजावे, आणि नाजूकपणा सांसर्गिक असल्याने त्यास कडेच्या तंबूत एकटे ठेवावे. (अध्यक्षांना वयोमानामुळे नियम लागू नव्हते.)

हे सगळे वळणदार अक्षरात लिहून काढण्याचे काम हरेश्वरमास्तरांकडे होते. मास्तरांचा स्वभाव गरीब होता आणि अक्षर सुरेख, आणि अशा माणसाला चिटणीसपदापासून कोणी वाचवू शकत नाही. त्यांची बायको गोदू. त्यांची मुलगी केसर, चार वर्षांची, पौषातच डांग्या खोकल्यातून उठलेली. केसरचे पाय गार पडले की छाती शिट्टी वाजवू लागते, हे एकच शास्त्र गोदूला येत होते. मंडळाच्या नियमांत ते कुठेच बसत नव्हते.

"अहो, केसरला नको न्यायला," ती म्हणाली होती.

"चिटणिसाचीच मुलगी घरी राहिली तर लोक काय म्हणतील?"

"लोकांची छाती वाजत नाही."

मास्तरांनी टाकाचे टोक पाहिले. मग हळूच म्हणाले, "चादर जरा जाड घे."

गोदूने चादर जाड घेतली. शिवाय केसरच्या झबल्याच्या आत दुसरे झबले शिवले, आणि त्याच्या आत तिसरे. नियमांत पांघरुणांचा उल्लेख होता, झबल्यांचा नव्हता. केसर त्यामुळे जरा फुगलेली दिसत होती आणि तिचे हात खाली येत नव्हते. अध्यक्षांनी तिच्या ऐटीचे कौतुक केले.

पहिल्या पहाटे हजेरीला मुले रांगेत उभी राहिली. बत्तीस मुलांचे दात एका तालात वाजत होते. तो उत्साहाचा आवाज आहे अशी अध्यक्षांनी कोटाच्या खिशातला हात न काढता नोंद करविली. केसरने आईचा पदर ओढला.

"आई, माझं नाक आहे का गं?"

गोदूने बोट लावून पाहिले. "आहे."

"मला कळत नाहीये."

गोदूने तिचे पाऊल हातात घेतले. ताडगोळ्यासारखे गार होते. सूर्य नुकताच वर आला असल्यामुळे नियम सुटला होता, म्हणून तिने दोन्ही पाय आपल्या पोटाशी धरले आणि भाकऱ्यांचे पीठ तसेच एका हाताने मळले. तरी व्हायचे ते झालेच. दुसऱ्या संध्याकाळच्या हजेरीला केसर खोकली. एकदाच, पण हजेरी शांततेत चालली होती.

"चिटणीस, हे कोण?" अंबाजीरावांनी विचारले.

"माझीच."

"आनंद आहे. नियम सर्वांना सारखा असतो याचा उत्तम दाखला झाला. आज वेळ टळली. उद्या दिवेलागणीपासून कडेच्या तंबूत."

कडेचा तंबू पूर्वेकडे होता. त्याचा एक पडदा साथीतच गेला होता. वारा एका बाजूने आत येई आणि कोणाची विचारपूस न करता दुसऱ्या बाजूने निघून जाई. मास्तरांनी हुकूम लिहिला. अक्षर त्या दिवशी तेवढे वळणदार आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यातली सोनूबाई वाकडी वाट करून शिबिर बघायला आली. मासळीची टोपली तिने पुळणीवर टेकवली आणि कंबरेवर हात ठेवून सगळीकडे पाहिले.

"काय गो मास्तरीणबाय, घरां परली काय तुमची?"

"नाही गं. मुलं काटक करतोय."

"पोरांनी काय केलान?"

या प्रश्नाचे उत्तर मंडळाच्या उद्दिष्टांत नव्हते. गोदूने तव्यावरची भाकरी उलटली.

"बरं, ता जाऊ दे," सोनूबाई म्हणाली. "आज पाचव हाय. व्हली तरी लावाल का न्हाय? का ती पण बंद?" आणि हसत हसत टोपली उचलून गेली.

गोदूच्या हातातले उलथने थांबले. मग तिने पदर खोचला, पुन्हा सोडला, डोक्यावरून नीट घेतला आणि अंबाजीरावांच्या तंबूपुढे जाऊन उभी राहिली. ते आरामखुर्चीत होते. खुर्ची सागवानी, पाय लांब करता येतील अशी.

"आजपासून पुनवेपर्यंत रोज संध्याकाळी होळी लागते आपल्याकडे," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मंडळानं नाही लावली तर गाव बोलेल, मुलं काटक झाली नि धर्म सुटला. मी आपलं विचारलं."

अंबाजीराव चिंतेत पडले. चौलमध्ये देवळे पुष्कळ, आणि प्रत्येक देवळाच्या पायरीवर बोलणारी माणसे त्याहून पुष्कळ. तातडीची सभा झाली (अध्यक्ष, चिटणीस आणि एक रिकामे स्टूल) आणि पुढील ठराव संमत झाला:

'शेकोटी म्हणजे ऊब मिळविण्याच्या हेतूने पेटविलेला जाळ. होळी म्हणजे धर्मकृत्य. सबब शेकोटीस मनाई कायम ठेवून होळीस परवानगी देण्यात येत आहे. होळीपासून ऊब उत्पन्न झाल्यास ती आनुषंगिक समजावी व कोणीही बुद्धिपुरस्सर घेऊ नये. खबरदारी म्हणून सर्वांनी होळीकडे पाठ करून उभे राहावे. बोंब मारण्यास हरकत नाही. तो फुप्फुसांचा व्यायाम आहे.'

आता लाकडांचा प्रश्न आला. आपल्या किनाऱ्यावर होळीचे लाकूड विकत घेत नाहीत. ते चोरतात, आणि एकदा होळीवर पडलेले लाकूड कोणी परत मागत नाही. धनी आला तर नमस्कार करून जातो. मागच्या दोन दिवसांत ज्या मुलांच्या अंगी शिस्तीखेरीज काही दिसले नव्हते त्यांच्या अंगी एकदम उद्योग दिसू लागला. परंतु वाडीवाल्यांना पंचमी ठाऊक होती. कुंपणापाशी म्हातारे काठ्या घेऊन बसले होते. कोळीवाड्यात तर होड्यांच्या वल्ह्यांवर राखण होती. मुले हात हलवीत परतली आणि चुलीपाशी गोळा झाली.

"आता काय करायचं, काकू?"

गोदूने मावळतीकडे पाहिले. दिवेलागण जवळ आली होती. केसर आपली चादर घेऊन कडेच्या तंबूकडे शहाण्यासारखी निघाली होती.

"मला काय विचारता. मी भाकऱ्या थापतेय, माझी तिकडे पाठ आहे," गोदू म्हणाली. "कोयता त्या दगडामागं आहे. पोरांनी हात लावू नये म्हणून ठेवलाय."

पहिल्या होळीत 'शेकोटी करू नये' ही पाटी, तिचा खांब आणि कडेच्या तंबूचे दोन्ही वासे अर्पण झाले. शेवटची खुंटी केसरने दोन्ही हातांनी कवटाळून आणली आणि स्वतः टाकली. तिचे हात प्रथमच खाली आले.

अंबाजीरावांनी जाळाकडे वळून पाहिले. (अध्यक्षांना नियम लागू नव्हता.) "चिटणीस, हा तंबूचा वासा आहे."

"होता," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "होळीला वाहिलेलं परत मागत नाहीत, साहेब."

गोदूने नवऱ्याकडे पाहिले, आणि त्या रात्री त्यांच्या भाकरीवर तूप वाढले.

नियम मात्र नियमच होता. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी शेजारचा तंबू कडेचा म्हणून जाहीर केला, कारण कडेचा गेला की शेजारचा आपोआप कडेचा होतो. संध्याकाळी तोही धर्मकार्यी लागला. मग त्याच्या शेजारचा. मधल्या चार-पाच संध्याकाळी स्टुलावर, घडवंचीवर आणि कवायतीच्या लाठ्यांवर भागले. ज्यांचा तंबू गेला ती मुले उरलेल्या तंबूंत शिरत गेली, आणि गेलेल्या तंबूचे कापड त्यांच्याबरोबर पांघरुणांत शिरले. कापड पांघरूण नव्हते. ते मंडळाची मालमत्ता होती आणि मुले ती सांभाळीत होती.

इथे शास्त्राला एक नवाच सिद्धांत सापडला. तंबू जसजसे कमी होतात, तसतसे बालकांचे दात वाजणे कमी होते. मास्तरांनी रोजच्या अहवालात 'दात वाजणारी बालके' असा रकाना ठेवला होता. तो बत्तिसावरून वीस, वीसवरून सात असा उतरत गेला. अध्यक्षांनी सात वाचून डोळे पुसले. काटकपणा इतक्या झपाट्याने येतो हे इंग्रजी मासिकातही छापलेले नव्हते.

चतुर्दशीला एकच तंबू उरला, अध्यक्षांचा. पौर्णिमेच्या सकाळी केसर पुन्हा खोकली. (भाकरीचा तुकडा घशात अडकला होता, पण नियमात कारणे विचारलेली नव्हती.) गोदूने मनाशी हिशेब केला. कडेचा म्हणा, मधला म्हणा, उरलेला तंबू एकच. आता अध्यक्ष तिला उघड्यावर, एकटीला ठेवणार.

"आज रात्री वेगळी," अंबाजीराव म्हणाले. "बनाच्या कडेला. चादर आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले. "आणि तिच्या शेजारी तिचा बाप आहे. तशी नोंद करतो."

अध्यक्ष त्यावर काही बोलणार होते, पण मोठी होळी रचायची होती. संध्याकाळी गावातली माणसेही आली. सोनूबाई नव्या लुगड्यात आली. इतक्या लोकांसमोर आदर्श घालून द्यावा म्हणून अंबाजीराव खुर्चीतून उठले, सर्वांत पुढे गेले, आणि आपल्याच ठरावाप्रमाणे होळीकडे पाठ करून ताठ उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि खणखणीत बोंब मारली. गावाने साथ दिली. बोंब लांबली. पाठ चांगली शेकत होती. मध्येच ती नेहमीपेक्षा बरीच जास्त शेकू लागली. सागवान तसे उशिरा धरते, पण धरले की सोडत नाही.

ते वळले तेव्हा खुर्चीचे हात तेवढे ओळखू येत होते. तंबूचे वासे आडवे झाले होते. अंबाजीरावांनी बघितले, आणि मग सगळे गाव बघत असल्यामुळे वाकून नमस्कार केला.

गाव पांगले. होळी बसली. अंबाजीराव वाळूवर टेकले, वारा फिरला, आणि ते खोकले.

बत्तीस मुले चिटणिसांकडे बघू लागली. मास्तरांनी नियमांचा कागद उघडला, मिटला. "खोकणाऱ्यानं कडेच्या तंबूत एकटं झोपावं," ते म्हणाले. "तंबू तर नाही."

"मग मधे बसा ना, आजोबा," केसर म्हणाली. "मधे वारा येत नाही. मला म्हाइताय."

सहा तंबूंच्या कापडाखाली त्या रात्री मंडळाचे सर्व सभासद एका ढिगात होते. साहेबाचा कोट अध्यक्षांच्या अंगावर होता आणि त्याच्या आत केसर. गोदूने चाचपून तिची पावले शोधली. तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या घावनासारखी होती. तिने छातीला कान लावला. आत काहीही वाजत नव्हते. तेव्हा ती, शिबिर सुरू झाल्यापासून प्रथमच, झोपली.

अहवाल अलिबागला वाचला गेला. सर्व बालके उघड्या पुळणीवर, शेवटी तर तंबूशिवाय, शेकोटीशिवाय, केवळ मनोबलावर राहिली आणि एकाचेही नाक वाहिले नाही, हे ऐकून टाळ्या पडल्या. त्यात खोटे एक अक्षर नव्हते. मास्तरांनीच लिहिले होते.

पुढच्या शिबिरासाठी माणगाव, तळा इथपासून नावे आली आहेत. शिबिरात काय झाले हे प्रत्येक आईला गोदूकडून ठाऊक आहे. तरीही नाव घालायला कोणी विसरलेली नाही, कारण शेजारणीच्या मुलाला अध्यक्ष 'काटक' म्हणाले आणि आपल्या मुलाला तेवढे म्हणायचे राहिले. हे वाचून आपणही अंबाजीरावांना हसला असाल. ते ठीकच आहे. हसून झाल्यावर घरात विचारून घ्या. आपल्या मुलाचे नाव गेलेले आहे.

आत्ता आपल्या पायांवर जे काही पांघरलेले असेल ते त्याच्याबरोबर पाठवू नये. नियम कायम आहेत. आपण ज्या खुर्चीत बसला आहात ती मात्र अवश्य पाठवावी. लाकडी असल्यास उत्तम.