विश्वापेक्षा म्हातारा तारा

कलिंगडावर टिचकी मारून ते पिकलंय की नाही हे मी सांगतो. ताऱ्यांचंही सांगतो! म्हातारे, फुगून लाल झालेले तारे सतत थरथरत असतात. त्या थरथरीवरून त्यांच्या पोटात काय चाललंय आणि वय किती हे ओळखणारा प्रोग्राम मी लिहिलाय. सिडनीत आमच्या गटाने माझा प्रोग्राम वापरायचा की माझा सहकारी डार्सी याचा, हे गुरुवारच्या चहाला ठरणार होतं. आमची गटप्रमुख ब्रोनविन म्हणाली, "तोवर या फोल्डरमधल्या ताऱ्यांची वयं काढून दाखव."

पहिले दोन चुटकीसरशी सुटले. तिसऱ्याने चक्रावून टाकलं. थरथर इतकी स्वच्छ की कुठे खरखर नाही. वय काढलं, तर विश्वाच्या वयापेक्षा जास्त! पुन्हा काढलं, तेच. आकाशातल्या ताऱ्यांच्या यादीत शोधला, तर त्याचा पत्ताच नाही. दुसरा कोणी असता तर त्याने स्वतःवर संशय घेतला असता. मी विश्वावर घेतला.

गुरुवारी लॅमिंग्टन केकची ताटली बाजूला सारून मी जाहीर केलं, "विश्वाचं वय चुकलंय."

ब्रोनविनचा कप हातातच राहिला. "कोण म्हणतं?"

"हा तिसरा तारा. मी शोधलाय."

"अरे क्लाइव," डार्सी म्हणाला, "तो माझा तारा आहे."

झालं, माझं डोकं फिरलं. "शोध मी लावायचा आणि नाव तुझं? तू काय जन्माला घातलास त्याला?"

"हो. मंगळवारी. जेवणाच्या सुट्टीत."

आमच्यात ही पद्धतच आहे. एकाने संगणकावर बनावट तारा घडवून खऱ्यांत लपवायचा, बाकीच्यांनी त्याचं पोट ओळखायचं. मी ते साफ विसरलो होतो.

"पण मग वय इतकं कसं?" मला अजूनही काही कळेना.

ब्रोनविनने माझा लॅपटॉप ओढून घेतला. "ताऱ्यात लोखंड किती, त्यावर वयाचं गणित बदलतं. तो आकडा तू मागच्याच ताऱ्याचा ठेवलायस."

डार्सीने आकडा बदलला. वय अगदी त्याने ठेवलं होतं तेवढंच आलं.

"म्हणजे माझा प्रोग्राम बरोबर आहे!"

"असणारच," लॅमिंग्टन उचलत डार्सी म्हणाला. "तारा तुझ्याच प्रोग्रामवर घडवला ना मी. माझा फार हळू चालतो."

म्हणजे बापानेच पोराला ओळखलं नव्हतं, वर त्याला विश्वाचा आजोबा केलं होतं.

"मग ठरलं," ब्रोनविन म्हणाली. "प्रोग्राम क्लाइवचा."

मी छाती फुगवली.

"चालवणार डार्सी."

तेव्हापासून कलिंगडसुद्धा मी कापून ठेवलेलंच घेतो.