न फुटणारे पेरू

आमच्या शेजारच्या भास्करनानांनी मला फसवलं. एकदा नाही, सतरा दिवस लागोपाठ, आणि तेही पेरूंत.

मी कोण ते आधी सांगतो. चाळीसगाव स्टेशनबाहेर पाटीत केळी विकून सुरुवात केली, आज जळगावात माझा केळीचा व्यापार आहे. सौद्यात मला आजवर कुणी गुंडाळलेलं नाही. नाना नरडाण्याकडचे, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. गाठी सुटल्या, मोजणं सुटलं नाही.

कुठलाही आकडा कानावर पडला की नाना विचारतात, "फुटस का?" म्हणजे त्याचे सारखे भाग पडतात का. मी नव्या गाडीला मुद्दाम १००१ नंबर घेतला, शकुनाचा म्हणून. पूजा चालू असताना नाना फाटकात येऊन उभे. "हजार एक? सात गुणिले अकरा गुणिले तेरा. तीन जागे फुटस, भाऊ." नारळ माझ्या हातात तसाच राहिला.

शाळेत ज्यांना मूळ संख्या म्हणतात, त्या न फुटणाऱ्या आकड्यांना मात्र नाना मान देतात. एक्क्याण्णवचं नाव निघालं की बनेल जावयाचं नाव निघाल्यासारखं तोंड करतात. "सरळ दिखस, पन शे सात तेरे."

आता पेरूचं. झाड त्यांच्या अंगणात, अर्ध्या फांद्या माझ्या भिंतीच्या आत. पानांचा कचरा मला, पेरू त्यांना. मी म्हणालो, "नाना, फांद्या छाटा, नाहीतर हिस्सा द्या."

नानांनी सौदा मांडला. रोज सकाळी पेरू तोडायचे आणि भिंतीवर मांडायचे. "सारख्या ओळी लागन्यात ते बठ्ठा तुम्हना. नही लागन्यात ते बठ्ठा मना." म्हणजे ओळी लागल्या तर सगळे माझे, नाहीतर सगळे त्यांचे. सगळ्यांची मिळून एकच लांब ओळ चालणार नाही, आणि ओळीत एकेकटा पेरूही नाही.

मी मनात हिशेब केला. दोन सोडला तर सम आकडे सगळे माझे. वर नऊ, पंधरा, एकवीसही माझेच. म्हाताऱ्याला लुटतोय असं वाटून जरा वाईटही वाटलं. तरी सवयीने आणखी एक अट घातली, तोडायची मेहनत तुमची. नाना लगेच हो म्हणाले. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी अकरा पेरू निघाले. मग तेरा. मग सात, मग सतरा. मी दोनाच्या, तिनाच्या, पाचाच्या ओळी लावून पाहिल्या. दर वेळी काही पेरू मला वेडावत उरायचे. आठव्या दिवशी डोक्यात उजेड पडला. आकडा तोडणाऱ्याच्या हातात असतो.

"नाना, ही लबाडी आहे."

"अट कोनी घाली, भाऊ?"

तेव्हापासून रोज अर्धा तास भांडण. मी तापायचो, नाना भिंतीवर कोपर टेकून शांतपणे ऐकायचे. आतून बायको म्हणायची, "बाजारात पेरू मिळतात. पण भांडायचंच असेल तर भांडा." एकदा मी बाजारातला पेरू गुपचूप तेरांत सरकवला. चौदा झाले. नानांनी नेमका तोच उचलला. "हाऊ पाव्हना शे."

मग बहिणीच्या वास्तुशांतीला मी चार दिवस धुळ्याला गेलो. परत आलो, सकाळी भिंतीपाशी गेलो, तर भिंत रिकामी. झाडावर पोपट बसलेले, खाली अर्धवट खाल्लेल्या पेरूंचा सडा. नाना ओट्यावर बसले होते.

"नाना, तोडले का नाहीत?"

"कोनकरता तोडू? माले साखर शे. पेरू चालस नही."

"मग आधीचे कुठे गेले?"

"पोरेसले वाटी दिधात."

"अहो, पोरांना वाटायचेच होते तर माझ्याशी इतके दिवस कशाला भांडलात?"

नाना उठून भिंतीपाशी आले. नेहमीच्या जागी कोपर टेकलं.

"चार दिवस कोनी भांडालेच उनं नही, भाऊ."

भांडायला येणारा मी एकटाच, आणि मी तर धुळ्याला होतो.

ते काही असो. चार दिवसांचे पेरू पोपटांनी खाल्ले. ते फुटणारे होते की नव्हते, याचा आता काही पुरावा नाही. त्यात माझा हिस्सा असूही शकला असता. नाना, याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. उद्या सकाळी सात वाजता मी भिंतीपाशी येतो, दोघांचा चहा घेऊन. आणि या वेळी अर्ध्या तासात भागणार नाही.