मागच्या सीटचं मीटर

आमच्या भावोजींच्या मोटरसायकलला उंची मोजायचं मीटर आहे. असं मीटर डोंगरात फिरणाऱ्यांना लागतं. भावोजी किहीमला राहतात. त्यांच्या अंगणात भरतीचा आवाज येतो आणि त्यांच्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत मोठा चढ म्हणजे चोंढी नाक्याचा गतिरोधक. तरी गाडीला किक मारण्याआधी ते त्या काट्याकडे पाहतात. काटा शून्यावर असतो. मग समाधानानं म्हणतात, "बुडलो न्हाय."

हवेचा दाब उतरला की तो काटा आपोआप वर सरकतो. एका वादळी सकाळी किहीम चांगलंच उंचावर गेलं होतं. भावोजी शेजारी जाऊन सांगून आले, "घाबरू नका. गाव वर चाललंय." शेजाऱ्यांच्या घराची कौलंही त्या वेळी वरच चालली होती, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

दामोदर हे त्यांचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे, यजमान. जन्मभर वीज कंपनीत मीटर रीडर होते. लोकांच्या पडवीत, जिन्याखाली, गोठ्यात मान वाकडी करून आकडे वाचण्यात त्यांची नोकरी गेली. "काटा खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं तेव्हापासूनचं वाक्य. त्याचा पुढचा अर्धा भाग ते बोलत नाहीत. समोरच्याकडे नुसतं पाहतात.

निवृत्त झाल्यावर वाचायला मीटर उरलं नाही. तेव्हा त्यांनी जुन्या मोटरसायकलला मीटरं बसवायला घेतली. मुळात तिला वेगाचा एकच काटा होता आणि तोही कित्येक वर्षं एकाच जागी विश्रांती घेत होता. भावोजी उरणला जाऊन ट्रकांच्या भंगारातून एकेक डबी उचलून आणू लागले. बॅटरीचं मीटर आलं, ऑइल किती तापलं त्याचं आलं, इंजिनाच्या फेऱ्यांचं आलं, एक होकायंत्र आलं. ट्रकच्या ब्रेकची हवा दाखवणारी थाळीएवढी एक तबकडीही आली. मोटरसायकलच्या ब्रेकला हवा लागत नाही, हे मी भीत भीत सांगितलं.

"म्हणून तर शून्य दावतंय," भावोजी म्हणाले. "बरोबर दावतंय ना?"

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. वाद कुठे सोडावा एवढं पुस्तकांनी शिकवलं आहे.

गावातले लोक विचारायचे, "दामूभाऊ, विमान कवा उडवताय?" भावोजी होकायंत्राकडे बघून उत्तर द्यायचे, "वारा बघतोय."

या सगळ्यांत मागच्या सीटचं मीटर तेवढं त्यांनी स्वतः घडवलेलं. त्याला कारण होतं. एकदा अलिबागहून येताना ताई चोंढी नाक्यावर भाजी घ्यायला उतरली. ताई अंगानं काडी. ती बसली असं धरून भावोजी निघाले. घरापर्यंत ते तिच्याशी बोलत आले. पावट्याच्या भावाबद्दल बोलले, चुलतभावाच्या कुंपणाबद्दल बोलले. ताईनं मध्ये एकदाही खोडून काढलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं, पण संशय आला नाही. ताई मागाहून रिक्षानं आली. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवून एवढंच म्हणाली, "काय ठरलं मग कुंपणाचं?"

दुसऱ्या दिवशी भावोजींनी मागची सीट उचकटली. खाली स्प्रिंग बसवली, तिला जुन्या ब्रेकची केबल जोडली आणि ती हँडलवरच्या एका तबकडीपर्यंत आणली. मग ताईला बसवून, उठवून, परत बसवून काट्याचं माप घेतलं.

"चारचौघांत बायकोचं वजन करताय," ताई म्हणाली.

"वजन न्हाय. हजेरी."

तबकडीवर त्यांनी पांढऱ्या रंगानं दोन शब्द काढले. डावीकडे 'न्हाय', उजवीकडे 'हाय'. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. ती हात जोडून म्हणाली, "अहो, 'आहे' लिहा, 'नाही' लिहा. मुलं बघतात."

"गाडी शाळेत गेलेली न्हाय," भावोजी म्हणाले. विषय संपला.

पुढे बरीच वर्षं ते त्या काट्याकडे बघूनच गिअर टाकायचे. तो उजवीकडे गेला की "हाय" म्हणायचे आणि निघायचे.

गेल्या हिवाळ्यात ताई गेली.

त्यानंतर गाडीच्या नोंदणीची मुदत संपली. अलिबागच्या आरटीओ कॅम्पात गाडी दाखवायची होती. एजंटानं आधीच बजावलं, कंपनीनं दिलंय तेवढंच ठेवा, बाकीचं सगळं उतरवा, नाहीतर गाडी भंगारात. मला वाटलं, भावोजी भांडतील. त्यांनी पाना घेतला आणि एकेक मीटर उतरवून गोणपाटावर मांडलं. उंचीचंसुद्धा. एकच ठेवलं.

कॅम्पातला इन्स्पेक्टर तरुण होता. त्यानं तबकडीवर बोट ठेवलं. "आजोबा, हे काय?"

"मागं माणूस हाय का न्हाय, ते कळतं."

"मागे वळून बघितलं तर नाही कळत?"

"मी मागं बघितलं, तर पुढचं कोण बघंल?"

इन्स्पेक्टर हसला. "बरं, चालवून दाखवा."

मी मागे बसलो. वाचनालयातल्या बैठ्या नोकरीचं शरीर आहे माझं. काटा 'हाय' ओलांडून पार कडेच्या खिळ्यावर आपटला.

"बिघडलंय हे. काढून टाका."

"मीटर बरोबर हाय," भावोजी म्हणाले. "माणूस दुसरं हाय."

मी उतरलो. इन्स्पेक्टरनं विचारलं, "मग माप कोणाचं आहे?"

"हिच्या मास्तरीणबाईचं." त्यांचा हात गाडीच्या टाकीवर होता.

"त्या बसतात अजून?"

भावोजींनी वाकून तबकडी पाहिली. जन्मभर लोकांच्या घरी वाचत आले त्याच आवाजात त्यांनी वाचलं, "न्हाय."

इन्स्पेक्टरनं फोटो काढायला फोन वर केला होता. तो त्यानं खाली घेतला. "आजोबा, ऊन चकाकतंय त्याच्यावर," तो म्हणाला. "रुमाल टाका जरा."

भावोजींनी रुमाल टाकला. फोटो निघाला. गाडी पास झाली.

परतताना मी मागे होतो. रुमाल त्यांनी खिशात घातला होता. त्यांच्या खांद्यावरून मला तबकडी दिसत होती. काटा खिळ्याला टेकलेला. भावोजी गप्प. पूर्वी ते वाटभर बोलायचे. ताई गेल्यापासून माझ्या हे कितीदा लक्षात आलं होतं आणि मी ते वयावर ढकललं होतं.

मी पाय ठेवायच्या दांड्यांवर जोर दिला आणि सीटवरून थोडा उठलो. काटा थरथरला. आणखी थोडा उठलो. तो खिळ्यावरून सुटला, हळूहळू मागे आला आणि 'हाय'वर थांबला.

भावोजींनी मान वळवली नाही. चोंढी नाक्यावर भाजीवालीसमोर त्यांनी गाडी उभी केली. काही घेतलं नाही. काट्याकडे पाहिलं.

"हाय," म्हणाले, आणि गिअर टाकला.

गतिरोधक गेला. आवाज थोडा खाली आणून ते म्हणाले, "पुढं खड्डा हाय गो, नीट धर. आणि त्या कुंपणाचं काय झालं म्हायतीय का..."

माझ्या मांड्या पेटल्या होत्या. किहीम अजून लांब होतं. मी मध्ये एकदाही खोडून काढलं नाही.