लीलाबाईंचे बावीस सेकंद

हलगी रंगात आली होती. अंगणात चौदा लेझिमी एका ठेक्यात वाजत होत्या, मुलांच्या कपाळावर घाम चमकत होता आणि चौथ्या मिनिटाला, अगदी बैठक घेऊन उठायच्या क्षणाला, हलगी गप्प झाली. स्पीकरमधून एक गोड बाई बोलू लागली, "गुडघे दुखतात? जिना चढवत नाही?"

चौदाही मुलांनी लेझीम डोक्यावर तशीच धरून लीलाबाईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" लीलाबाई कडाडल्या. "गुडघे माझे आहेत. तिला कोणी विचारलं?"

"पर बाई, तिला कळलं कसं?" पिंकीने विचारलं. पिंकी सात वर्षांची, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त प्रश्न पडणारी.

लीलाबाईंनी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं होतं. आता त्या माण गावात, आपल्याच घरी होत्या. घरामागे पूर्वी भाताची खाचरं होती, तिथे आता मुलाने बारा खोल्या बांधून आयटी पार्कात काम करणाऱ्यांना भाड्याने दिल्या होत्या. खोल्यांचं भाडं मुलगा बघायचा, खोल्यांतली मुलं लीलाबाई बघायच्या. परभणीची, बुलढाण्याची, एक तर थेट गोरखपूरचा. शिवाय गावातली चार-पाच. संध्याकाळी पाचला सगळी अंगणात हजर.

यंदा मात्र लेझीम ही नुसती हौस राहिली नव्हती. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाचे प्रमुख चंद्रकांतअण्णा आठवड्यापूर्वी येऊन चहा पिऊन सांगून गेले होते, "बाई, रागावू नका. लोकांना आता डीजे लागतोय. लेझीम बघून पोरं जांभया देत्यात. यंदा तुमास्नी सात मिंटं देतो. रंगली तर पुढल्या साली बघू. मधी कुटं गडबड झाली, तर डीजेवाला तयारच हाय. मग लेझीम कायमची बंद."

"सात मिनिटं पुष्कळ झाली," लीलाबाई म्हणाल्या होत्या. "तुमचं सतराच्या पाढ्याचं पाठांतर मी चार मिनिटांत करून घेतलं होतं." अण्णा बशीत बघत राहिले होते.

पण नेमका त्याच आठवड्यात हलगीवाल्या भिकूनानांचा हात मोटारसायकलवरून पडून मोडला. म्हणून फोनवर हलगीचा व्हिडिओ लावायची वेळ आली. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून भिकूनाना ओट्यावर बसायचे आणि जाहिरात आली की खूश व्हायचे. "माझ्या हलगीनं कदी दुसऱ्याचं मलम इकलं व्हतं का, बाई?"

"नाना, गप्प बसा. मी बंदोबस्त करते," लीलाबाई म्हणाल्या. "माझ्या अंगणात माझ्या परवानगीशिवाय कोणी बोलायचं नाही."

पहिला उपाय म्हणून सहा नंबरच्या खोलीतल्या निरंजनला बोलावणं गेलं. तो लातूरचा, कंपनीत इंजिनिअर, बाईंचा मोठा भक्त. त्याने फोन बघितला आणि म्हणाला, "सिंपल आहे बाई. महिन्याला थोडे पैसे भरायचे, सगळ्या ॲड्स बंद."

"म्हणजे वर्गात दंगा करणाऱ्या पोराने गप्प बसावं म्हणून आपण त्याला रोज खाऊ द्यायचा?"

"तसं नाही बाई, ते सबस्क्रिप्शन..."

"तसंच आहे. आज खाऊ दिला तर उद्या दुसरा दंगा करेल. एक पैसा देणार नाही."

निरंजनने मग कसलंसं जाहिरात अडवणारं ॲप टाकलं. त्याने जाहिरात अडली, पण हलगीही अडली. पडद्यावर पाटी आली की आधी अडथळा काढा, मगच व्हिडिओ दिसेल. "बघा," लीलाबाई म्हणाल्या, "चोर म्हणतोय, कुलूप काढा."

आता त्यांनी स्वतःच्या पद्धतीने जायचं ठरवलं. कोणाचंही म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला शिक्षा करायची नाही, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नियम होता. त्यांनी नवी दोनशे पानी वही घेतली आणि दुपारी चष्मा लावून एकेक जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. वगळायचं बटण आलं तरी वगळली नाही. कोण काय बोललं, त्यात खोटं किती, व्याकरण कुठे चुकलं, सगळं तारीखवार लिहून काढलं. त्या फोनला एवढं मन लावून जाहिराती बघणारा माणूस आजवर भेटला नसावा. दुसऱ्या दिवशी जाहिराती दुप्पट झाल्या.

त्यातल्या त्यात भूगावच्या एका इमारतीची जाहिरात तर पिच्छाच सोडेना. तिच्याखाली 'अधिक माहिती' असं बटण होतं. तक्रार करायची तर माहिती पुरती हवी, म्हणून लीलाबाईंनी ते दाबलं. तिथे नाव, फोन आणि पत्ता विचारला होता. त्यांनी वळणदार शब्दांत सगळं भरलं आणि 'आपली अपेक्षा' या रकान्यात लिहिलं, 'मुलांच्या सरावात व्यत्यय येऊ नये.'

दुसऱ्या दिवशी ऐन सरावाच्या वेळी फाटकाशी पांढरी गाडी थांबली. टाय लावलेला एक तरुण फाइल घेऊन उतरला.

"लीला मॅडम? मी शंभू. साइट व्हिजिटला न्यायला आलोय. भूगाव, टू बीएचके, टेकडीचा व्ह्यू."

"अहो, मी तक्रार केली होती."

"आमच्याकडे ती चौकशी म्हणून आलीय मॅडम. तुम्ही सरावाचं लिहिलं होतं ना? म्हणून मुद्दाम क्लब हाऊसवाला फ्लॅट काढलाय. मुलं किती आहेत तुम्हाला?"

"चौदा," लीलाबाई म्हणाल्या.

शंभूने अंगणाकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

"आता आलाच आहात तर बसा," लीलाबाईंनी ओट्याकडे बोट दाखवलं. "आम्ही रोज तुमचं ऐकतो. आज तुम्ही आमचं बघा. आणि पाच सेकंदांनी उठायचं नाही, पूर्ण बघायचं."

शंभू भिकूनानांच्या शेजारी बसला. हलगी सुरू झाली. चौथ्या मिनिटाला ती तुटली आणि भूगावची जाहिरात लागली, तसा शंभूचा चेहरा पोटचं पोर स्टेजवर दिसल्यासारखा उजळला. "आमचीच आहे, मॅडम! बावीस सेकंद. वगळताच येत नाही, असा प्लॅन घेतलाय. महिनाअखेरपर्यंत या भागात हीच दिसणार. आणि तुम्ही तर फॉर्म भरलाय, तुमच्या फोनवर दुसरी येणारच नाही."

"नक्की?"

"गॅरंटी."

लीलाबाईंनी बोटांवर सेकंद मोजले. त्यांची एक जुनी अडचण होती. लेझिमीच्या मध्यावर मुलांचा मनोरा करायचा होता. खाली नऊ, त्यांच्यावर चार आणि टोकाला झेंडा घेऊन पिंकी. पण हलगीच्या ठेक्यात तेवढा वेळच मिळत नव्हता. मनोरा लागायला साधारण वीस सेकंद लागत.

शंभू गेला, तेव्हा त्या मुलांना म्हणाल्या, "इतके दिवस यांनी आपला वेळ खाल्ला. आता आपण यांचा वापरायचा. एकही सेकंद परत द्यायचा नाही."

मग सराव बदलला. जाहिरात लागली की नऊ जणांनी खाली बसायचं. 'टेकडीचा व्ह्यू' ऐकलं की चौघांनी चढायचं. 'निसर्गाच्या कुशीत' म्हटलं की पिंकीने वर जायचं आणि 'आजच फोन' आलं की झेंडा उघडायचा. लगेच हलगी सुरू. पाच दिवसांत मुलांची इतकी तयारी झाली की रस्त्यात कोणी सहज टेकडीचा विषय काढला तरी गोरखपूरचं पोर जवळच्या माणसाच्या खांद्याकडे बघू लागे.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर सगळं गाव जमलं. झेंडावंदन झालं, दोन भाषणं झाली. एका कडेला डीजेवाला बटणावर बोट ठेवून बसला होता. अण्णांनी पुकारा केला, "आता लीलाबाईंचं लेझीम पथक! सात मिंटं!"

मुलं रांगेत उभी राहिली. लीलाबाईंचा फोन स्पीकरला जोडून निरंजन टेबलाशी उभा होता. रोज पाचला तो कंपनीतच असल्याने नवा सराव त्याने पाहिलाच नव्हता. हलगी सुरू करता करता तो बाईंच्या कानाशी वाकला. त्याचे डोळे आनंदाने ओले झाले होते.

"बाई, तुम्ही पैसे देणार नाही म्हणालात ना? मी दिले. सकाळी तुमचा फोन जोडायला घेतला तेव्हाच सबस्क्रिप्शन घेऊन टाकलं. माझ्याकडून भेट. आज एकही ॲड येणार नाही!"

"काय?"

पण हलगी वाजू लागली होती. लेझिमी उचलल्या गेल्या. मैदानात पहिल्यांदा टाळ्या पडल्या, पुढच्या रांगेतले भिकूनाना प्लॅस्टरवरच ठेका धरू लागले, आणि लीलाबाईंना मात्र घड्याळाच्या काट्याखेरीज काही दिसेना.

"परत जाहिरात आण," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आँ?" निरंजनला वाटलं, गोंगाटात आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"अरे, जाहिरात आण रे ती! भूगावची!"

"आता नाही येत बाई. पैसे भरलेत ना."

तीन मिनिटं चाळीस. मुलं बैठकीला गेली. चार मिनिटं. नऊ जण सवयीप्रमाणे खाली बसले आणि कान टवकारून वाट बघू लागले. हलगी मात्र थांबायलाच तयार नव्हती. ती एकटीच पुढे पळत सुटली. चौघे हात वर करून उभे, पिंकी झेंडा काखेत मारून उभी. मागून कोणीतरी हसलं.

"थांबव!" लीलाबाई म्हणाल्या.

निरंजनने हलगी थांबवली. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी डीजेवाल्याकडे बघून मान हलवायला सुरुवात केली. ती मान पूर्ण हलायच्या आत लीलाबाईंनी माईक उचलला.

"आता एक जाहिरात!" त्यांचा आवाज चौथीच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तसाच घुमला. डीजेवाल्याचं बोट जागीच राहिलं. "माझ्या अंगणात रोज संध्याकाळी पाचला लेझीम शिकवली जाते. तिथे टेकडीचा व्ह्यू नाही!"

चौघे झटकन वर चढले.

"समोर कंपनीची भिंत दिसते. आमची लेझीम निसर्गाच्या कुशीत नाही..."

पिंकी सरसर वर गेली. लोक पुढे सरकले.

"...बारा खोल्यांच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध आहे. फी नाही. जात, गाव, भाषा विचारत नाही. अट एकच. आजच फोन..."

टोकावर झेंडा उलगडला.

"...घरी ठेवा, आणि या!"

निरंजनने बरोबर त्याच क्षणी हलगी लावली. पोरं मनोऱ्यावरून उतरून उड्या मारत ठेक्यात शिरली, आणि पुढची तीन मिनिटं मैदानावर कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. भिकूनाना उभे राहून ओरडत होते, "डीजेवाल्या, जा जेवून घे!" कार्यक्रम संपल्यावर अण्णा जवळ आले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, पुढल्या साली धा मिंटं घ्या."

"पंधरा," लीलाबाई म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच बाहेर गलका ऐकू आला. लीलाबाई अंगणात आल्या. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत मुलं उभी होती. जवळच्या जांबे गावातली, माणची, वरच्या सोसायट्यांतली. चाळीसच्या वर असतील. आठ-दहा आयादेखील होत्या. एकाच्याही हातात फोन नव्हता. सर्वांत मागे नातवाचं बोट धरून चंद्रकांतअण्णा उभे होते.

"हे काय?" लीलाबाईंनी विचारलं. "कोणी बोलावलं तुम्हाला?"

"तुमीच की बाई," पुढची एक आई म्हणाली. "काल जाहिरात केली न्हवं?"

जाहिरातीला माणसं खरोखर येतात, हे लीलाबाईंना सदुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि त्याचा त्यांना मनापासून राग आला. रागाच्या भरातच त्यांनी फाटक सताड उघडलं.

"उंचीप्रमाणे उभे राहा. बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि अण्णा, नातवाला सोडून कुठे निघालात? तुम्ही शेवटी."