रोजी गुरुजी

अंबादास गुरुजींनी बर्नोलीचं समीकरण आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि हातातला चहा निवायच्या आत त्याला चाल लावली.

"पी बाय रोजी, व्ही स्क्वेअर बाय टूजी, मिळवा त्यात झेड, बेरीज कायम!"

चाल बे एके बेची. लोहारा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी जन्मभर पोरांकडून पाढे वदवून घेतले होते. जगात जे काही शिकण्यासारखं आहे ते मोठ्यानं म्हटलं की येतं, आणि जे मोठ्यानं म्हणता येत नाही ते शिकण्याच्या लायकीचं नसतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. समजण्याचा मुद्दा त्यांच्या लेखी किरकोळ. "समजायला जन्म पडलाय," ते म्हणायचे. "आदी पाठ करा."

गुरुजी म्हणजे माझ्या रूमपार्टनरचे, प्रवीणचे वडील. तो लोहाऱ्याचा, मी भूमचा. धाराशिवला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एका खोलीत राहायचो आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये जोडीनं आपटलो होतो. माझ्या घरी ही बातमी मी योग्य वेळ बघून सांगणार होतो. ती वेळ अजून आलेली नाही. प्रवीणनं मात्र फोनवर खरं बोलून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभे.

"दोन दिवस ऱ्हातो. बघतो काय भानगड हाय ती."

ते दोन दिवस पुढची परीक्षा जवळ येईपर्यंत लांबले.

गुरुजी पहाटे उठायचे, म्हणजे आम्हीही उठायचो. अंघोळ झाल्याशिवाय चहा नाही आणि पाठांतर झाल्याशिवाय अंघोळीला गरम पाणी नाही. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. शाळेत ते पोरांना वाडी-वस्तीवरून ओळखायचे, तीच सवय. "भूम, उभा ऱ्हा. म्हण." मी चड्डी-बनियनवर उभा राहून म्हणायचो. प्रवीण भिंतीकडं तोंड करून म्हणायचा. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी एक दिवस जिन्यात अडवलं.

"गुरुजी, सकाळच्याला आरती कुण्या देवाची म्हणता ओ?"

"बर्नोली."

"आमच्यात न्हाय ह्यो," बाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या वेळेला त्यांनी टीव्ही बंद ठेवला.

'रोजी' ही चेष्टा असेल असं मला आधी वाटलं होतं. नव्हती. रो आणि जी ही दोन वेगळी अक्षरं आहेत हे गुरुजींना मुळात मान्यच नव्हतं.

"रोजी म्हंजे मजुरी. दाबाला मजुरीनं भागायचं. सरळ हाय."

"गुरुजी, रो म्हणजे घनता. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण."

"आसंल. त्यानं भागाकार चुकतो का?"

नव्हता चुकत. तिथं माझं इंजिनिअरिंग संपायचं.

आम्ही सोडवलेली गणितं ते तपासायचे. उत्तर बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांना पडत नसे. अक्षर किरटं असलं की चूक, आकृतीला समास सोडला नाही की चूक. एकदा मी पाइपमधल्या प्रवाहाचं गणित चार पानं झुंजून सोडवलं. गुरुजींनी ते उभं खोडलं आणि शेरा मारला, 'पाइप वाकडा.' यूट्यूबवरचा मास्तर तर त्यांना बघवत नसे. "तुमी बोललेलं त्याला ऐकू येतं का? न्हाय ना? मग मास्तर कशाचा, पोपट हाय त्यो." पोपट कुणी कुणाला म्हणावं, हा विचार माझ्या तोंडापर्यंत आला होता, पण गरम पाण्याची कळ त्यांच्या हातात होती.

मग एक दिवस ते कॉलेज बघायला आले. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, काखेत छत्री. पाहणीला आल्यासारखे सगळीकडं फिरले. आमच्या द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेत द्रव सोडून सगळं होतं. पाइप होते, टाक्या होत्या, भिंतीवर तक्ते होते. टाकीत पाणी सोडायचं तर टँकर मागवावा लागे, आणि आलेला टँकर मुलींच्या होस्टेलकडं जाई. त्यामुळं प्रयोगाचे आकडे आधीच्या वर्षाची पोरं आम्हाला देत आणि आम्ही पुढच्यांना. असे ते खानदानी आकडे होते.

"पाणी कुठंय?" गुरुजींनी आमच्या सरांना विचारलं.

सर तरुण होते, कंत्राटी होते आणि त्या दिवशी दाढी न करता आले होते. "आहे ना. थिअरीत आहे," ते म्हणाले.

"मग मार्क बी थेरीतच द्या पोरायला," गुरुजी म्हणाले, आणि सरांच्या वर्गाच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

तिथं घात झाला. तासाला सरांनी, बहुधा सूड म्हणून, प्रवीणलाच उभं केलं. "सांगा, बर्नोली." प्रवीण उभा राहिला. बाहेर बाप आहे हे ठाऊक असल्यामुळं त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. मग खिडकीतून, आधी छत्रीचं टोक आणि त्यामागून खणखणीत आवाज आला, "पी बाय..." आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "रोजी!" मग सगळा वर्ग चालीत म्हणायला लागला. सर हसले. मी हसलो. गुरुजींना वाटलं पोरांना गोडी लागली. ते खिडकीत उभे राहून हातानं ताल धरायला लागले.

प्रवीण तेवढा खाली बसला.

संध्याकाळी खोलीवर तो बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. मग वर न बघता म्हणाला, "अण्णा, तुमी घरी जावा."

"का रं?"

"मी चौथीत न्हाय. कॉलेजात मला रोजी म्हणायलेत सगळे. तुमाला यातलं काय कळत न्हाय, अण्णा. एक अक्षर कळत न्हाय. जावा तुमी."

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "व्हय," ते म्हणाले, "कळत तर न्हायच." आणि पेटी भरायला लागले.

स्टँडवर त्यांना सोडायला मीच गेलो. लोहाऱ्याची गाडी लागलेली होती. गुरुजी पायरीवर एक पाय ठेवून म्हणाले, "भूम, तू त्याला काय बोलू नगंस. वर्गातलं पोरगं असतं तर कान पिळला असता. आपल्या पोराचा कान लई लांब असतो, हाताला लागत न्हाय."

परीक्षेत बर्नोलीचं समीकरण आलं. आलंच पाहिजे, दर वर्षी येतं. मी मान वर केली तर अख्खा हॉल ओठ हलवत होता. ज्यांनी टिंगल म्हणून ते म्हटलं होतं त्या सगळ्यांचं ते पाठ झालं होतं. समजलं कुणालाच नव्हतं, आणि पेपर काढणाऱ्याची तशी अपेक्षाही नव्हती. मी पास झालो, प्रवीणही झाला. विषय निघाला तसं त्यानं, घरी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणं, पुण्याच्या कॉलेजात बदली करून घेतली आणि एका बॅगेवर निघून गेला. त्याचा टेबलफॅन माझ्याकडं राहिला. "अण्णांकडं नेऊन दे जमलं तर," त्यानं फोनवर सांगितलं.

मी फॅन घेऊन लोहाऱ्याला गेलो. प्रवीणची आई गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते मला माहीत होतं. पण तो कधी बोलला नाही आणि मी कधी विचारलं नाही. घर झाडून-पुसून लख्ख होतं, आणि माझ्या चपलांचा आवाजसुद्धा त्या घरात मोठा वाटत होता. गुरुजींनी चहा केला. तो संपायच्या आत पोहे टाकले. पोहे संपायच्या आत म्हणाले, "आता जेवूनच जा की."

"गुरुजी, गाडी चुकंल."

"व्हय, ते बी हाय." ते समोर बसले. "पुण्याला बरंय का त्याचं? फोनवर लई घाईत असतो."

"बरंय. पास झाला, सुटला बघा एकदाचा."

गुरुजींनी माझी रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या पेपरादिवशी म्या तुळजापूरला गेल्तो. म्हणलं, आपल्याला त्यातलं कळत न्हाय तर निदान आईला तरी सांगावं. रांगेतनं पुढं गेलो, हात जोडले, आन् तोंडच उघडंना. पास कर म्हणावं, तर पोरगं पुण्याला जातंय. नापास झालं, तर आजून सहा महिने तुमच्या खोलीवर... पण बापानं तसं मागावं का?"

"मग काय मागितलं?"

"काय न्हाय. मागच्यानं ढकललं, फुडं झालो."

मी निघालो. हायवेच्या फाट्यापर्यंत जीपनं जायचं आणि तिथून बस. गुरुजी टोपी घालून बरोबर निघाले. जीप भरली तसे तेही माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसले.

"तुमी कुठं गुरुजी?"

"फाट्यावर जरा काम हाय माझं."

वाटभर ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बाहेर बघत होते. फाट्यावर उतरल्यावर त्यांनी माझ्यासाठी बसला हात केला, कंडक्टरला "पोराला जागा बघा" म्हणून बजावलं आणि मी चढेपर्यंत माझी पिशवी धरून ठेवली.

बस सुटली तेव्हा मी खिडकीतून मागं बघितलं. गुरुजी रस्ता ओलांडून पलीकडं गेले होते आणि लोहाऱ्याकडं परत जाणाऱ्या जीपला हात करत होते.